माघारीचं बटण

दातांच्या दवाखान्यात, सुजलेल्या गालाला रुमाल बांधून बसलेला वेल्डर मोबाइलवर पत्त्यांचा डाव खेळत होता. पण कान मात्र शेजारच्या शिंपीमामांकडे आणि त्यांच्या भाचीकडे होते. मामांच्याही हातात मोबाइल होता.

"मामा, मोबाइलवरच्या पत्त्यांच्या खेळात बक्षिसांचे नियम बदलले म्हणून एवढं तोंड पाडायचं?"

"तोंड दाढेने पाडलंय गं. पण खालच्या गटात बक्षिसं जास्त, म्हणून दोन वर्षं मी मुद्दाम हरलो. आता कंपनी म्हणते, वर चढेल त्यालाच बक्षीस!"

"मग त्या खेळातले तुमचे पत्ते विकून टाका."

"का म्हणून? ब्लॉकचेनवर, म्हणजे कुणाला खोडता न येणाऱ्या ऑनलाइन वहीत, माझ्या नावाने कोरलेत. कंपनीच्या बापालाही काढून घेता यायचे नाहीत."

"पण वर चढायची मुदत आज बारापर्यंतच ना? साडेअकरा झाले."

"एक विजय हवा, एकच! हरण्यात एवढं नाव काढलेल्या माणसाला जिंकणं म्हणजे हातचा मळ."

"समोरचा कसा आहे?"

"अगदीच लेचापेचा. हा बघ माझा अग्निगरुडाचा पत्ता निघाला. आता त्याचा खेळ खलास!"

"मामा, अंगठा कुठे नेताय? ते माघारीचं बटण आहे! ...दाबलंत?"

"दोन वर्षांची सवय गं. जिंकायची वेळ आली की अंगठा आपोआप तिथेच जातो."

"आता हो?"

"आता काय? अजून अर्धा तास आहे. दुसरा डाव मांडतो. फक्त हा अंगठा कशाने तरी बांधून टाक."

वेल्डरच्या मोबाइलवर 'अभिनंदन, तुम्ही जिंकलात' असं झळकत होतं. त्याने तो हळूच मांडीवर पालथा घातला, गालाचा रुमाल सोडला आणि मामांपुढे धरला.