तोंड तिचंच, पण ती नव्हे

मंडळी, आज एकच विचारतो. आपलं माणूस आपण ओळखतो, ते कशानं? डोळ्यांनी? नक्की? मग ऐका!

समुद्राकाठच्या एका गावात श्रीरंग आणि वत्सला हे जोडपं राहायचं. सुपारीची बाग, घरात दोघंच. एकदा सुपारी काढताना श्रीरंग झाडावरून पडला. डोक्याला मार! इस्पितळात गुंगीतच होता. घरी आला तो मात्र चालत, शेजाऱ्यांना नावानं हाका मारत. वत्सलेनं देवापुढे साखर ठेवली, त्याच्यापुढे पेज. त्यानं तिच्याकडे पाहिलं... पाहतच राहिला. मग म्हणाला, "बाई, तुम्ही कोण?"

तिला वाटलं, थट्टा. तर म्हणतो, "तोंड तिचंच. हनुवटीवरचा तीळही तिचाच. पण तुम्ही ती नव्हे. तिला कुठं ठेवलंत?"

काटा आला ना अंगावर?

तिच्या हातचं तो खाईना. खोलीला आतून कडी लावून बसू लागला. गाव म्हणालं, झाडावरचं काहीतरी लागलंय, लिंबू उतरवा. अहो, त्यापेक्षा सरबत केलं असतं तर कुणाच्या पोटात तरी गेलं असतं!

डॉक्टरांनी सांगितलं ते वेगळंच. मेंदूत चेहरा ओळखणारी वाट निराळी, आणि ओळखीबरोबर माया जागवणारी वाट निराळी. ही दुसरी तुटली. चेहरा दिसतो, आत काहीच हलत नाही. मग मेंदू स्वतःच गोष्ट रचतो — ही तोतया आहे! आणि ती गोष्ट त्याला खरी वाटते.

एके सकाळी ती बंद दाराबाहेरून सहज बोलली, "अहो, चहा ठेवलाय." आत खाट करकरली.

"वत्सला? कुठं होतीस गं? लवकर ये. घरात तुझ्यासारखी दिसणारी एक बाई फिरते. मला भीती वाटते तिची."

कानाची वाट शाबूत होती, मंडळी! तिनं तोंडात पदर कोंबला. पण त्यानं दार उघडलं आणि तिचं तोंड दिसलं, की पुन्हा तोतया. काय करावं तिनं?

दाराआडूनच म्हणाली, "मला यायला वेळ लागेल. तिला मीच पाठवलीय. तिच्या हातचं खा."

तो जेवला. तेव्हापासून ती दाराआडून बायको झाली आणि दारातून आत आली की परकी. श्रीरंग गेला तोवर असंच चाललं. जाताना त्या परक्या बाईला म्हणाला, "तुम्ही फार केलंत. ती आली की सांगा."

त्याचं डोकं फुटलं होतं, मंडळी. तुमचं-माझं धड आहे. तरी रागात सख्ख्या भावाकडे बघून आपण म्हणतो, हा आमचा नव्हेच! ती गोष्ट कोण रचतं? आज घरी जाल, तेव्हा ज्याच्याशी बोलणं सोडलंय, त्याच्याकडे बघू नका. डोळे मिटा आणि आधी त्याचा आवाज ऐका. तेवढं केलंत, तर आजचं कीर्तन देवाला पावलं.