पाणी सतरावरच आहे

…हात नंतर घाला, जीशानभाई, आधी थर्मामीटर बघा. किती? सतरा. चिलर चालू आहे, तुम्हीच बसवलाय. मग तुमच्या दुकानातली ही दोन ॲक्सोलॉटल सकाळपासून वर येऊन हवेला तोंड का मारायलीत — बघा, पुन्हा! क्लोरीन? मला शिकवता? टँकरचं पाणी दोन दिवस ड्रममध्ये ठेवल्याशिवाय मी यात तांब्याभरही ओतत नाही. खायला गांडुळं, एक दिवसाआड. क्लासमधल्या नीटच्या पोरींना दाखवायला आणली होती, या पाणसरड्यांचा तुटलेला पाय परत कसा उगवतो ते — पाय राहिला बाजूला, घरात भलतंच उगवलं.

हळू बोला, बापू आत पडलेत. झोपले नाहीत, पडलेत. ते किल्लारीचे ना — त्र्याण्णवच्या भूकंपात आईवडील आणि दोन बहिणी गेल्या, एकाच खोलीत. आदल्या संध्याकाळी बैल दावं तोडायला लागले होते, त्यांचे वडील म्हणाले, गोमाशी असेल. म्हणून मागच्या मेमध्ये लाइट गेली, पाणी तापलं, ही दोघं हवा घ्यायला वर आली आणि नेमका त्याच दुपारी जरासा धक्का बसला — भांडी वाजली, बस्स — तर बापूंचं पक्कं झालं. ‘वर्षे, यांना कळतंय.’ तेव्हापासून टाकीसमोर खुर्ची. ही वर आली की सगळ्यांना ओढून मैदानात. मी म्हटलं, बापू, पाणी गरम झालं की ती वर येतात, पुस्तकात आहे. तर म्हणे, पुस्तक लिहिणारा किल्लारीत होता का? घ्या! या म्हाताऱ्या बापापुढे डोकं आपटून घ्यायचं नुसतं.

मग — मग उदगीरचे लोक मला बघायला आले. मुलाची आई सोफ्यावर बसून विचारते, लग्नानंतर क्लास सोडशील ना? मी आत गेले, दोन तांबे गरम पाणी टाकीत… असं काय बघता? दोनच तांबे. बापूंनी पाहुण्यांना पोह्यांच्या बश्यांसकट रस्त्यावर काढलं! हसा की, मीपण लई हसले. औशाच्या स्थळालाही तेच. तिसऱ्याला — तिसऱ्याला पाणी जरा जास्तच तापलं, या धाकट्याचे कल्ले झडले. उगवतात परत, मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी बापू पाहुण्यांना सोडून मलाच उचलायला धावले, साठीचा माणूस, आणि दारातच पडले. मैदानात बसून माझा हात सोडायला तयार नव्हते.

म्हणून काल बापूंना सांगून टाकलं सगळं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. खुर्ची उचलून आत नेली.

आज मी गरम पाण्याला हातही लावला नाही, जीशानभाई, खरंच सांगते. कारण तुम्हालाही सापडत नाही ना? मला माहीत आहे, यांना भूकंप कळत नाही, मीच शिकवते तसं. तरी मघाशी दार वाजवलं — बापू, खरंच वर आलीत, बाहेर या. त्यांनी आतून कडी घातली. म्हणाले, ‘आज कुणाचं स्थळ हाय गं?’

ऱ्हाऊ द्या ती टाकी. तुम्ही निघा. गेट उघडंच ठेवा — मी? बापूंना सोडून मी कशी येऊ, कडी आतून आहे. जा म्हटलं ना!