देसाईसाहेबांचा डायनासोर

आमच्या नेरूळच्या सोसायटीतले देसाईसाहेब रिटायर झाल्यावर डायनासोर शोधायला गेले होते, ते सांगितलं का तुम्हाला? आसामच्या पार टोकाच्या जंगलात एखादा अजून जिवंत आहे, असं त्यांनी मनात घेतलं. सगळी सोसायटी हसली. साहेब चिडले, "पुरावा आणीन, नाहीतर तोंड दाखवणार नाही!" स्वैपाकाला मला नेलं.

बरेच दिवस फिरलो, काही दिसेना. साहेबांचं तोंड एवढंसं झालं. एका दुपारी साहेबांना वाढून मी पलीकडच्या जाळीत सावलीला आडवा झालो, तो साहेबांच्या ओरडण्यानं जाग आली.

"काका, केवढा आवाज! ऐकलात ना? मोबाईलवर घेतलाय!"

"नाही बा साहेब. मला काहीच ऐकू आलं नाही."

परतल्यावर साहेबांनी सोसायटीच्या हॉलमध्ये तो आवाज मोठ्यानं लावला. हसणारे गपगार झाले. साहेब छाती काढून म्हणाले, "हा प्राणी कोट्यवधी वर्षांपूर्वीचा आहे!"

मागच्या खुर्चीवरून आमची मंडळी उठली.

"काहीतरीच काय, साहेब! हे घोरणं मी रोज रात्री ऐकते. येत्या चैत्रात अठ्ठ्याहत्तर पुरी होतील त्यांना."