लाल आभाळ आणि शंभर पुरणपोळ्या

लिहिण्यात चुका होतील आणि अक्षर तर कोंबडी चालून गेल्यासारखं आहे, कुणी ही वही उघडलीच तर सांभाळून घ्या, मी चौथीपर्यंतच शिकले. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून बोलते तसं लिहिते आहे.

माहेर सिन्नरकडचं. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात आणि पाठचे दोन भाऊ सांभाळायचे, म्हणून घरी राहिले. आईचं सगळं कडक. एकदा ग्रहण लागलं आणि भाकरीवर तुळशीचं पान ठेवायचं राहिलं, तर आईने सगळ्या भाकरी टाकल्या, हंड्यातलं पाणी ओतून दिलं, आम्ही उपाशी झोपलो. ते माझ्या अंगात असं मुरलंय की काय सांगू तुम्हाला.

मालक गेल्यावर माझ्या मुलाने, निलेशने, मला इकडे अमेरिकेत मॉरिसव्हिलला आणलं. घरात तो, सून अश्विनी आणि नात मीरा. अश्विनीची मैत्रीण रोहिणी एकदा जेवायला आली, म्हणाली मावशी, तुम्ही ऑर्डर घ्या ना, इथे असं पुरण कुणाला जमतं. तेव्हापासून घ्यायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताचे पैसे, उगाच काढून बघायची आणि परत ठेवायची.

नवरात्रात रोहिणीने भोंडल्याच्या खिरापतीला शंभर पुरणपोळ्या सांगितल्या आणि तीनशे डॉलर आधीच दिले. म्हणाली मावशी, तुमच्या भरवशावर मी दुसरं काहीच ठरवलेलं नाही. निम्मे पैसे सामानात गेले, निम्मे मी भावाला डोळ्यांच्या ऑपरेशनला पाठवले.

आदल्या दिवशी सकाळपासून उभी होते. शेवटची पोळी उतरली तेव्हा अंधार पडला होता, घरातले मीराला नाचाच्या क्लासला घेऊन गेले होते. कचरा टाकायला मागच्या दाराने बाहेर आले आणि वर बघितलं, तर झाडांच्या वर आभाळ लाल. आग नाही, धूर नाही, आवाज नाही. डाळिंबाचे दाणे चुरडून पाण्यात सोडावेत तसा रंग, आणि त्यात उभे फिकट पट्टे, हळूहळू सरकणारे. खरं सांगते, आधी मला ते सुंदरच वाटलं, पिशवी हातात धरून मी कितीतरी वेळ उभी. मग आई आठवली. ग्रहण लागलंय आणि मी बघत काय उभी राहिले. बाजूला अर्धा चंद्र स्वच्छ दिसत होता, मग ग्रहण कसलं, तेवढंसुद्धा मला सुचलं नाही. पोळ्यांवर पान नाही, आणि ग्रहण लागल्यावर ठेवून उपयोग काय. हे अन्न लेकराबाळांच्या ताटात कसं घालू. शंभरच्या शंभर पोळ्या काळ्या पिशव्यांत भरल्या, बाहेरच्या डब्यात टाकल्या, पाणी ओतलं, डोक्यावरून अंघोळ केली.

केस पुसते आहे तोवर पुढून निलेशची हाक, आई, लवकर बाहेर ये, नॉर्दर्न लाइट्स दिसतायत, इथून कधी दिसत नाहीत. बाहेर गेले तर सगळी गल्ली रस्त्यावर, माणसं हसतायत, फोटो काढतायत. मीरा उड्या मारत होती, आजी, लुक, पिंक! निलेश म्हणाला, सूर्याकडून काहीतरी येतं आणि आपल्या हवेला धडकतं, त्याचा हा उजेड. ग्रहण नाही ना रे, मी हळूच विचारलं. तो हसला, म्हणाला काहीतरीच काय आई.

रोहिणी आमच्याच गल्लीत राहते, तीही तिथेच होती. म्हणाली काय मावशी, आभाळ बघायला न्हाऊन आलात वाटतं? आणि पोळ्या झाल्या का? वर इतकं सुंदर चाललेलं, आणि मी म्हटलं, झाल्या. अडाणी म्हणतील, निलेशला मान खाली घालावी लागेल, हेच डोक्यात. सकाळी फोन करून सांगितलं, पुरण आंबलं. भोंडल्याला खिरापत म्हणून दुकानातले डोनट वाटले. मी गेलेच नाही.

पुढच्या ऑर्डरींतून वीस-वीस डॉलर देत गेले. दर वेळी रोहिणी म्हणायची, राहू द्या मावशी, पुरण आंबलं त्यात तुमचा काय दोष. ती रागावली असती तर बरं झालं असतं. खोटं मी बोलले आणि माया ती करत होती, मला तिच्याकडे बघवायचं नाही.

काल शेवटचे वीस घेऊन गेले आणि दारातच सगळं सांगितलं, ग्रहण, काळ्या पिशव्या, सगळं. निलेशला आज रात्री सांगणार आहे. रोहिणी म्हणाली, त्या दिवशीच सांगितलं असतंत तर रात्री आम्ही चौघी लाटायला बसलो असतो. मी नोटा पुढे केल्या. त्या घेत तिनेच विचारलं, पण मावशी, एवढ्या सगळ्यात तुम्ही आभाळ नीट बघितलंत का? म्हटलं, तुमच्या सगळ्यांच्या आधी बघितलं, एकटीने. त्यावर ती हसली. सुखी राहो पोरगी.

नोटा ती तशाच ठेवायला निघाली होती. मी म्हटलं, नाही, मोज. तिने मोजल्या, आधीचे मिळवले. तीनशे पुरे झाले.