गंजीतली नऊ अंडी

…आणि वर आमचे हे मलाच म्हणत्यात, "तू अडवलं न्हाईस म्हणून झालं!" मी अडवू? अवो, मी गुंद गावातली शकुंतला, तुमास्नी सांगते, त्या येळेला दोन्ही कानांना एकेक अंडं लावून अंगणात हुबी व्हते, आत डुचमळतंय का ऐकत! अडवाय तिसरा हात कुठनं आणू?

झालं काय, त्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांचा, महाबळेश्वरांचा, फोन वाजला. काशीआक्का! ह्यांची थोरली भन, रामनगरला दिलेली. चार वर्षं ह्या घराची पायरी चढली नव्हती. का? तर मागं जेवताना म्हणाली, "मला शिळं वाढलंस," आणि ताटावरनं उठून गेली ती गेलीच! शिळं नव्हतं वो… जाऊ द्या. आता म्हणती, "दुपारच्या बसनं येते रे, शकूला अंड्याचा रस्सा कराय सांग."

अंडी व्हती. नऊ. पण घावली कुठं? आदल्या दिवशी, गवताच्या गंजीत! आमची तांबडी कोंबडी तिथं लपून कवापासनं घालत व्हती कुणाला ठाऊक? कालचं का पंधरा दिसांचं? कोंबडीला काय तारीख लिवता येती व्हय? आणि शिळं म्हणून उठून गेलेल्या बाईच्या ताटात नासकं अंडं पडलं तर… मग चार न्हाई, चाळीस वर्षं!

हे म्हणाले, "उन्हाला धर." धरलं. दिसलं काय? माझीच बोटं, लाल लाल! म्हणाले, "हलवून ऐक." ऐकलं. कधी वाटतंय अंडं डुचमळतंय, कधी वाटतंय माझंच काळीज… शेजारची सुनयना कुंपणावरनं, बारीक आवाजात, "शकूवैनी, पाण्यात सोडा की गे! बुडालं तर ताजं, वर आलं तर गेलेलं!" एवढं सोपं! पण आमच्या ह्यांना सोपं चालतंय व्हय? शेतकी सायबागत छाती काढून, "नुसतं पाणी न्हवं! बियाण्याला करतो तसं पायजे!" आणि बादलीत मीठ… ओंजळ ओंजळ मीठ!

पहिलं सोडलं. तरंगलं. "नासकं!" फेकलं केळीच्या बुडात, फट्! दुसरं तरंगलं, फट्! तिसरं, फट्! मी म्हणते, अवो, फोडून तरी बघा, तर म्हणत्यात, "नासक्याकडं काय बघायचं?" सात अंडी, तुमास्नी सांगते, सात! आता कोंबडीला काय तारीख लिवता येती व्हय, की ती येऊन सांगल, थांब गा, हे तर कालचंच? उरली दोन. माझ्या कानांशी.

तेवढ्यात दारात काशीआक्का! खांद्याला पिशवी, कपाळाला आठ्या. "हे काय गे, नवी कर्णफुलं?" ह्यांनीच सांगितलं, "आक्का, सगळी तरंगली बघ. नासकी." तिनं बादलीत बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि कमरेवर हात! "म्हाबळू, हे भाताचं बी निवडायचं पाणी रे! ताजं अंडं तरंगेस्तोवर तर ह्यात मीठ घालत्यात! बानं शिकवलेलं इसरलास?" आणि माझ्या कानाजवळचं एक घेऊन वाटीत फोडलं. बलक कसा? गोल, ताठ… कालचाच!

कोंबडीला तारीख लिवता येत न्हाई, पण आमच्या ह्यांना वाचता तरी कुठं आली असती? वाटलं, आता आक्का उठती आणि जाती. तर ती हसाय लागली. पदर तोंडाला, डोळ्यांतनं पाणी. आणि हसता हसताच म्हणाली, "मागल्या बारीला शिळं नव्हतं गे शकू. मीच घरनं भांडून आले व्हते, राग तुझ्यावर काढला."

त्या एका वाक्याची मी चार वर्षं वाट बघत व्हते वो… दोन अंड्यांचा रस्सा तिघांत पुरवला, निम्मं पाणीच. तरी बाईनं ताट पुसून खाल्लं.

चांगलंच झालं की! मी कुठं न्हाई म्हणते? पण त्याला आज अठरा दिस झाले. सकाळची बस म्हणती लई लवकर जाती, दुपारचीला म्हणती गर्दी असती. तिकडं सून हाय, म्हणती, बघंल ती घरचं. आणि काल रामनगरहून बसच्या टपावरनं तिची गादी आली. मीच उतरवून घेतली… करते काय?