मार्कशीटवरची नलिनी

आम्ही मूळचे वाईकडचे, असं माझे वडील सांगायचे, आता वाई त्यांनीही कधी पाहिली नव्हती आणि मीही नाही, कोणी पूर्वज फौजेबरोबर इकडे आले, लढाया संपल्या, फौज संपली आणि आम्ही ग्वाल्हेरातच राहून गेलो. माझा जन्म किला गेटचा. वडील हिंदी शाळेत गणिताचे मास्तर, घरी मराठी, आणि आमची मराठी कशी ते तू ऐकतेच आहेस, पुण्याचे पाहुणे आले की हसतात, हसेनात का. तिघी बहिणींत गणित मला एकटीला यायचं, म्हणून वडील मला नलू मास्तर म्हणायचे. नलिनी माझं नाव. हे आधी लिहून घे, कारण पुढचा सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, फाल्गुनात लष्करातले, म्हणजे इथल्या लष्कर भागातले, लोक पाहायला आले, मुलगा सरकारी नोकरीत, घर जुन्या गोरखी महालाच्या मागे, शेवटचा पर्चा झाला आणि वैशाखात लग्न. रिझल्ट सासरी आला. गणितात मी वर्गात पहिली. वडिलांनी स्वतः कॉलेजच्या खिडकीवर लाइनीत उभं राहून माझा एम.एस्सी.चा फारम भरला, नंबर लागला, पेढे घेऊन सासरी आले, तर सासूबाई म्हणाल्या, शिकू दे की, आमच्याकडे कोण अडवतंय, पण यंदा नको, नवीन घर आहे, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी मुलगा पोटात. त्याच्या पुढच्या वर्षी सासऱ्यांना अर्धांग. मग सासूबाईंचे डोळे. मग काय सांगू तुला, मग कोणी पुढच्या वर्षी म्हणायचंही सोडून दिलं, आणि मीही विचारायचं सोडलं.

आता नावाचं ऐक. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यावर नवरीचं नवं नाव लिहितो, हे तुला माहीत आहे, इथल्या हिंदीवाल्यांना नाही माहीत, त्यांच्यात आडनाव बदलतं, नाव कशाला बदलेल. यांनी तांदळावर लिहिलं वसुधा. मला कोणी विचारलं नव्हतं. नलिनी काय वाईट होतं? बरं, लिहिलं तर लिहिलं. दुसऱ्या दिवशी जेवायला बसले, नवी कोरी स्टीलची थाळी, काठावर नाव घातलेलं, सौ. वसुधा, खाली महिना आणि साल. मी गणितवाली, माझी नजर आकड्यावर आधी जाते. महिना मार्गशीर्षाचा. आणि मला पाहिलं फाल्गुनात! मी घास तसाच हातात धरून बसले. मोलकरणीने चार दिवसांनी सांगितलं, आधी एक मुलगी ठरली होती, वसुधा तिचं नाव, बोलणी मोडली, पण हौसेने थाळ्या, वाट्या, तांबे, सगळ्यांवर नाव घालून झालं होतं, आणि घातलेलं नाव घासून काढलं तर भांड्याला चरा पडतो. भांड्यांना चरे पडू नयेत म्हणून मी वसुधा झाले. हसू नकोस गं. हस, हस, मलाही आता येतं हसू, तेव्हा नव्हतं येत.

तीस वर्षं याच ओसरीवर मी पोरांना गणित शिकवलं, तुलाही शिकवलं, भूमिती म्हटली की तुझं तोंड कसं व्हायचं ते विसरले नाही मी. मग कोचिंगवाले आले, पोरं तिकडे गेली. सासूबाई गेल्या. मुलगा बंगलोरला गेला. हे रिटायर होऊन खुर्चीवर बसले. आणि मी यंदा वीजबिल भरायला बाड्याच्या चौकाजवळच्या ऑनलाइनवाल्याकडे गेले, तर समोर कागद लावलेला, एम.ए., एम.एस्सी. प्रवेश, अंतिम तारीख अमुक. बिल भरलं आणि त्याला म्हटलं, भैया, गणित का फारम भर दो. तो म्हणाला, बिटिया के लिए? मी म्हटलं, बिटिया है ही नहीं, मेरे लिए. उत्साह वगैरे काही नव्हता गं, खोटं कशाला सांगू. गुडघे दुखतात, चष्म्याचा नंबर वाढलाय. पण एखादं गणित अर्धं सोडून उठलं की जेवताना, कपडे वाळत घालताना ते डोक्यात बसून राहतं ना, तसं ते एम.एस्सी. इतकी वर्षं बसलेलं होतं. कंटाळा आला होता मला त्याचा. एकदाचं पुरं करावं, एवढंच.

तर फारम भरला, नंबर लागला, पुन्हा लागला बघ, आणि असली, म्हणजे मूळ, कागद दाखवायला कॉलेजात बोलावलं. खिडकीवरचा बाबू चांगला माणूस, तरुण, त्याने मार्कशीट पाहिली, आधार पाहिलं, पुन्हा मार्कशीट पाहिली आणि म्हणाला, मॅडम, ये नलिनी कौन है? मी म्हटलं, मैं. तो म्हणाला, तो फिर ये वसुधा? मी म्हटलं, वो भी मैं. तो म्हणाला, मॅडम, सरनेम तो सबका बदलता है, पूरा नाम कैसे बदल गया, आप दो जने हो. मागे पोरापोरींची लाइन, सगळे बघतायत, मी त्याला तांदूळ समजावतेय, अंगठी समजावतेय. तो ऐकत होता बिचारा. शेवटी म्हणाला, शपथपत्र लाओ, अखबार में छपवाओ, पति का भी लिखा हुआ लाओ, शुक्रवार तक, नहीं तो सीट अगले को जाएगी. मंगळवार होता. जन्मभर पोरांना शिकवलं, डावी बाजू बरोबर उजवी बाजू सिद्ध करा, आणि माझी मलाच सिद्ध करता येईना.

घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, या वयात हे कुठलं नवीन काढलंस. मी म्हटलं नवीन नाही, तुमच्याइतकंच जुनं आहे. मग म्हणाले, आधारवर नाव बदलू बिदलू नकोस हं, पेन्शनच्या कागदात बायको वसुधा आहे, उद्या मी गेलो तर ते विचारतील ही नलिनी कोण. घ्या! माणूस जिवंत आहे, समोर बसून चहा पितोय, आणि कागदाची काळजी मेल्यानंतरची. मी म्हटलं, बदलत नाही, फक्त लिहून द्या की दोघी एकच. तर यांचा पेपर तोंडापुढे. बुधवार गेला तसाच. मला ना, राग पण आला नाही, दमले होते मी, फक्त वाटलं की एम.एस्सी. आता दुसऱ्यांदा हातचं जाणार.

गुरुवारी सकाळी मी भांडी लावत होते, सासूबाईंच्या त्या थाळ्या अजून आहेत, काही होत नाही मेल्यांना. एक थाळी काढली आणि यांच्या पुढ्यात ठेवली, पेपरवरच. म्हटलं, वाचा. मला सगळं माहीत आहे, लग्नानंतर चार दिवसांनीच कळलं होतं, आजवर बोलले नाही, आज बोलतेय. यांनी काठावरच्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, तुला माहीत होतं? मी म्हटलं, होतं. म्हणाले, आईने सांगितलं ते लिहिलं गं मी, माझी हिंमत नव्हती तेव्हा. आणि डोळ्यांत पाणी, या माणसाच्या, मी कधी पाहिलं नव्हतं. मी पण रडले, कशाला लपवू. मग हे उठले, चप्पल घातली, म्हणाले, चल.

सवारीच्या टेम्पोने कचेरीत गेलो. टायपिंगवाल्याने विचारलं, नाम बदलने का कारण? मी म्हटलं, थाली. तो म्हणाला, क्या? हे म्हणाले, लिखो, विवाह के कारण. मी म्हटलं, बरं, तसं लिही बाबा. यांनी सही केली. मला म्हणाले, तू घरी जा, गुडघे दुखतील, आणि पेपरच्या ऑफिसात स्वतः उन्हात लाइनीत उभे राहिले, वडील राहिले होते तसे. शुक्रवारी छापून आलं, इवलंसं, कोपऱ्यात, हरवलं-सापडलंच्या खाली. बाबूने कागद लावले, ठप्पा मारला आणि म्हणाला, हो गया, नलिनी मॅडम.

पहिल्या दिवशी मी लवकर जाऊन तिसऱ्या बाकावर बसले. बाकीची पोरं मला शिक्षिका समजून उठून उभी राहिली, बैठो बैठो म्हटलं. सर आले, माझ्या मुलाच्या वयाचे, हजेरी घ्यायला लागले. मी कान देऊन बसले होते, वही उघडलेली, पेन हातात. हजेरी संपली आणि माझं नाव आलंच नाही. तास संपल्यावर जाऊन विचारलं, सर, मेरा नाम रह गया. त्यांनी रजिस्टर पाहिलं, म्हणाले, नहीं मॅडम, दो बार पुकारा, नलिनी, नलिनी, कोई बोला ही नहीं. लग्न झाल्यापासून कोणी हाक मारली नव्हती त्या नावाने, माझ्या कानाला ते ओळखूच आलं नाही.

आता येतं ऐकू. रोज जाते, जिना चढताना दोनदा थांबते, अर्धं समजतं, अर्धं घरी येऊन घासते. हे डबा भरून देतात, भाजीत मीठ कमीच असतं. पास होईन की नाही, राम जाणे. तू ये अशीच अधूनमधून, सुखी राहा, आणि लग्नात तांदळावर काय लिहितायत ते आधी वाचून घे. आणि काय विचारलंस, या लिहिलेल्याच्या वर नाव कुठलं घालू? नलिनीच घाल. माझ्यामुळे तिची एक हजेरी बुडलीये.