तंगड्या तोडायची धमकी

मी सायबर पोलिसांत होतो, तेव्हाचं सांगतो. सोशल मीडियावरच्या धमक्या ओळखणारं सॉफ्टवेअर आमच्याकडं नवीनच आलं होतं. एका सकाळी त्यानं उमापूरची एक कमेंट धोक्याची ठरवली. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर मोटारसायकलवर बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या फोटोखाली कौसाबाई नावाच्या बाईनं लिहिलं होतं, 'घरी या तुमी, तंगड्याच तोडते.'

चौकशीला गेलो, तर ती त्याची बायको निघाली.

"हार्टचं आप्रेशन झालंय ह्यांचं, अन् गाडी घिऊन हिंडत्यात! काय करू साहेब?" म्हणत ती रडायलाच लागली.

म्हाताऱ्यानं तिला पाण्याचा तांब्या दिला.

मी विचारलं, "बाबा, हिची भीती वाटते का?"

"वाटती की. ही रागवायची थांबंल, याची लई वाटती."